मदत हवी आहे: आईबाबांसोबत आइसलंड, गरम पाण्याची ठिकाणं कोणती निवडू?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर डब्लिनहून आइसलंडला जातोय. पुण्याहून आईबाबाही येताहेत, त्यांचे शेंगेन व्हिसा झाले. मुक्काम रेक्याविकलाच, गाडी भाड्याने घेणार.

आईचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर चालते, चढ म्हटला की बसते. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वज्रेश्वरी, गणेशपुरीची कुंडं त्यांनी पाहिलीत, पण "ते नुसतं गरम पाणी, मला उसळणारं बघायचंय" हे पालुपद घरात रोज चालू आहे. त्यामुळे हौकादालुर, म्हणजे गरम पाण्याचे फवारे उडतात ते खोरं, नक्की. बाकी अडलंय ते असं:

रेक्यादालुरची गरम नदी आईला झेपेल का? नसेल तर दुसरं काय? मीवात्न तळ्याच्या गरम झऱ्यांच्या भागात जाऊन यावं का? आणि आइसलंडमध्ये तरणतलावात उतरण्याआधी कपडे काढून आंघोळ सक्तीची असते म्हणे. आईला हे कसं सांगू?

शिवाय बाबांचा एक प्रश्न, ज्यावर मी गप्प आहे: हौकादालुरमधला स्त्रोक्कुर हा फवारा दर काही मिनिटांनी उडतो, मग शेजारचा थोरला फवारा गेसिर का झोपलाय?

– आळशी_प्रवासी

काळाकातळ:
रेक्यादालुर विसरा. एका बाजूने तीनेक किलोमीटर, त्यात सुरुवातीलाच चढ. त्याऐवजी देइल्दार्तुंगुक्वेर हा उकळता झरा. गाडीतळापासून दोन पावलांवर सेकंदाला सुमारे १८० लिटर पाणी उसळतं, तेही ९७ अंशांचं. हेच पाणी नळातून ६४ किमीवरच्या आक्रानेसपर्यंत घरं गरम करायला जातं. बाबा तिथून हलणार नाहीत, जेवणाची वेळ सांभाळा. चिखलाचे बुडबुडे आणि पिवळी-तांबडी माती हवी असेल तर सेल्तुन. रेक्याविकपासून जवळ आहे आणि बराचसा भाग लाकडी पायवाटेवरूनच दिसतो. मीवात्न उत्तरेला, साडेचारशे किमीच्या वर. मुक्काम हलवणार नसाल तर नादच सोडा.

आता बाबांचं उत्तर. खोल नळीत वरच्या पाण्याचा दाब असतो, त्यामुळे तळाचं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. कधीतरी बुडबुडे थोडं पाणी वर ढकलतात, दाब उतरतो आणि राहिलेलं एकदम वाफ होऊन सुटतं. बुन्सेन, तोच बर्नरवाला, १८४६ साली इथे येऊन मोजमापं करून गेला. पण त्यासाठी नळी मोकळी हवी. १८९६च्या भूकंपानंतर स्त्रोक्कुर बंद पडला होता. १९६३ साली त्याच्या नळीत छिद्र पाडून ती मोकळी केली, तेव्हापासून तो चालू आहे. गेसिर भूकंपाच्या तालावर चालतो. १९३५ साली त्याच्या काठाला चर खणून पाण्याची पातळी उतरवली, तेव्हा काही काळ उडला. २०००च्या भूकंपानंतरही जागा झाला, मग पुन्हा गप्प.

स्त्रोक्कुरपाशी वारा पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर अंगावर तुषार येतात. पाणी काही वेळा खालीवर होतं, मग निळसर घुमट फुगतो आणि क्षणात फुटतो. घुमट दिसल्यावर फोन काढाल तर नुसती वाफ मिळेल. दोरीपलीकडे पाय नको, वरची खपली पातळ असते. वाहून जाणाऱ्या ओहोळातही बोट घालू नका.

सुगरण_परदेशी:
आंघोळीचं खरं आहे. तलावात क्लोरीन कमी असतं म्हणून साबण लावून धुवायचंच. पण बायकांचं दालन वेगळं असतं आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आईंना आधीच सांगून ठेवा, दारात सांगाल तर मागे फिरतील. संकोच फारच असेल तर ब्लू लगून या गरम पाण्याच्या तलावाच्या ठिकाणी दार असलेली न्हाणी आहेत. मात्र तो निसर्गाचा चमत्कार वगैरे नाही, स्वार्त्सेंगी वीजकेंद्राचं सोडलेलं पाणी आहे, महागही आहे आणि २०२३च्या नोव्हेंबरपासून ज्वालामुखीमुळे अनेकदा बंद झालंय. आदल्या दिवशी बघूनच निघा.

रेक्याविकच्या गरम नळाला कुजक्या अंड्याचा वास येतो. चहाला, भाताला गार नळाचंच पाणी घ्या. त्याच गरम पाण्याने आईंची चांदीची जोडवी काळी पडतील, घरी ठेवायला सांगा.

आळशी_प्रवासी:
दोघांचे खूप आभार! देइल्दार्तुंगुक्वेर आणि सेल्तुन पक्कं. बाबांनी बुन्सेनचं ऐकून वही काढलीये. जोडव्यांवर आईचा ठाम नकार आहे. काळी पडली तर लख्ख कशाने करतात, चिंच चालेल ना?