तीन एकांकिकांची संध्याकाळ: प्रेक्षक नको तिथे हसले, हवं तिथे गप्प राहिले

हौशी_पडदा:
मंडळी, सल्ला हवा आहे. आमच्या हौशी संस्थेने तालुक्याच्या गावी एका संध्याकाळी तीन एकांकिका केल्या. क्रम असा: आधी विनोदी (३० मिनिटं), लगेच गंभीर (४५ मिनिटं), मध्यंतर, मग रहस्यप्रधान (४० मिनिटं). नाट्यगृह साडेतीनशे खुर्च्यांचं, निम्म्याहून जास्त भरलेलं. कलाकार सातच, त्यामुळे काही जण दोन-दोन एकांकिकांत.

गंभीर एकांकिकेत मुलगा गेल्याची बातमी येते आणि बाप काहीही न बोलता ताट पुढे ओढून जेवायला बसतो. तिथे हशा आला. रहस्याच्या शेवटी टाळ्या अर्धवट पडल्या, थोड्या इकडून, थोड्या तिकडून. मध्यंतरानंतर मागच्या चार रांगा जवळजवळ रिकाम्या. आणि अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं ‘अप्रतिम’, ‘खूप छान’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’.

हीच गंभीर एकांकिका एका कॉलेजने स्पर्धेत केली होती, तेव्हा तिने भरपूर टाळ्या घेतल्या होत्या. पुढचा प्रयोग शेजारच्या गावात लागला आहे. संहितेला हात लावायचा, क्रम बदलायचा की बसवलेलंच पुन्हा तपासायचं?

विंगेतून:
संहितेला आत्ता हात लावू नका. नको तिथल्या हशाचं कारण बहुतेक वेळा बसवण्यात सापडतं.

आधी एक सांगा, बापाचं काम करणारा नट विनोदी एकांकिकेतही होता का? असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. थोड्या वेळापूर्वी ज्याला पाहून पोट धरून हसलो तोच माणूस परत समोर आला की प्रेक्षकाचं हसू ओठांवर तयारच असतं. मिशी लावून, चष्मा चढवून भागत नाही, कारण चाल आणि आवाज तोच राहतो. या दोन कामांच्या मध्ये किमान मध्यंतर तरी यायला हवं.

आता ताट. बातमीचं वाक्य संपल्या संपल्या ताट ओढलं गेलं तर ती रचना थेट विनोदाची होते: वाक्य, लगेच अनपेक्षित कृती, हशा. बापाला बातमी कळली हे प्रेक्षकाला दिसायला वेळ द्या. पाणी ओतता ओतता हात थांबतो, तांब्या खाली ठेवला जातो, तीन-चार सेकंद काही होत नाही, मग ताट. ते उचलून जवळ घ्या. फळीवर स्टीलचं ताट ओढलं की जो खर्रकन आवाज येतो, तो एकटाही हसवायला पुरेसा आहे. ताटात खरा भात ठेवा. रिकाम्या ताटात बोटं फिरवली तर बाल्कनीतून स्वच्छ दिसतं आणि तिथून खिदळणं सुरू होतं.

बातमी घेऊन आलेल्या नटाकडेही बघा. प्रेक्षक रंगमंचावरची माणसं जिकडे बघतात तिकडे बघतो आणि तसंच वाटून घेतो. त्याने मान खाली घातली तर प्रेक्षकाला आधार उरत नाही. त्याची नजर बापाच्या हातांवर खिळलेली हवी.

हशा कुठून आला तेही महत्त्वाचं. हौशी प्रयोगाला नातेवाईक आणि ऑफिसातली मंडळी एका घोळक्याने बसतात. ओळखीचा माणूस रंगमंचावर रडताना पाहून त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि हसू फुटतं. असा हशा एकाच कोपऱ्यातून येतो, पाच-सहा आवाजांचा असतो आणि चटकन विरतो. शेजारच्या गावात तो आपोआप जाईल. दडपण सुटल्याचा हशा मात्र सगळ्या नाट्यगृहातून येतो आणि त्यामागोमाग टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. तसं झालं असेल तर जागा उत्तम वठली आहे, तिला अजिबात हात लावू नका. म्हणून हशापेक्षा हशानंतरचे दहा सेकंद बघा: शांतता की चुळबूळ?

डिमरपाशी:
अर्धवट टाळ्यांबद्दल. हे दुखणं प्रकाशयोजनेचं असतं आणि रहस्यप्रधान एकांकिकेत जास्त होतं. दोन प्रवेशांच्या मध्ये तुम्ही पूर्ण काळोख करत असाल. असे चार ब्लॅकआउट बघितल्यावर पाचवा शेवटचा आहे हे प्रेक्षकाने कशावरून ओळखायचं? त्यात संगीत काळोखातही चालू राहिलं तर तो पुढच्या प्रवेशाची वाट बघत बसतो. निम्मे लोक धीर करून टाळ्या सुरू करतात, बाकीचे गप्प.

मधले बदल निळ्या प्रकाशात करा, दहा-पंधरा टक्क्यांवर, आणि सामान पात्रांनीच हलवू दे. मिट्ट काळोख एकदाच, शेवटी. त्याचा क्रम असा बसवा: शेवटचं वाक्य, दोन सेकंद प्रकाश तसाच, मग तीन सेकंदांत फेड, म्हणजे प्रकाश हळूहळू विझवणं, संगीत प्रकाशासोबतच बंद. मनात दोन आकडे मोजायचे आणि पूर्ण प्रकाश. तोवर नट ओळीत उभे असोत वा नसोत, प्रकाश यायलाच हवा. उशीर झाला की सुरू झालेल्या टाळ्या हवेत विरतात. जागा सापडाव्यात म्हणून फळीवर रेडियम टेपचे बोटभर तुकडे चिकटवा. नमस्काराची तालीम वेगळी घ्या. हौशी संस्था ती नेमकी घेत नाहीत आणि मग कोण पुढे, कोण मागे यात ओळ मोडते.

लाइट एलईडी आहेत की जुने हॅलोजनचे ‘पार’ दिवे, हे त्या गावी जाऊन आधीच बघून या. हॅलोजन विझल्यावरही क्षणभर लालसर उजेड राहतो, त्यामुळे फेड मऊ दिसतो. स्वस्त एलईडी खालच्या टक्क्यांत पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो आणि शेवटी एकदम विझतो. तिथे हळू फेडचा हट्ट धरलात तर बिघाड झाल्यासारखं वाटेल. सरळ कट मारा.

आणि लाइट व म्युझिक अशा दोघांनाही इशारा एकाच माणसाने द्यायचा. दोघं आपापल्या अंदाजाने संपवायला लागले की फट पडतेच.

तिसरी_घंटा:
मागच्या रांगा एकांकिका न आवडल्याने रिकाम्या झाल्या असं धरून चालू नका. आधी घड्याळ बघा. पत्रिकेवर सात छापून पडदा साडेसातला उघडला असेल, नेपथ्य बदलायला दहा मिनिटं, मध्यंतर ताणून पंचवीस आणि त्यानंतर मान्यवरांचा सत्कार वीस मिनिटं धरा. शेवटची एकांकिका सुरू व्हायलाच वीस कमी दहा वाजतात आणि संपते दहा वीसला. एसटीने आलेला किंवा घरी लहान मूल असलेला माणूस मध्यंतरातच उठणार.

साडेसहा म्हणजे साडेसहा. नेपथ्य तिन्ही एकांकिकांना मिळून एकच ठेवा: दोन लेव्हल (उंच चौथरे), पाच-सहा ठोकळे, एक दाराची चौकट. मग मधला बदल पाच मिनिटांत होतो. मध्यंतर पंधरा मिनिटं, पहिली घंटा दहाव्या मिनिटाला आणि ती वड्याच्या गाड्यापर्यंत ऐकू गेली पाहिजे. या हिशेबाने माणूस पावणेनऊला रस्त्यावर असतो. शाल-श्रीफळ काय ते तिसऱ्या घंटेच्या आधी उरका. दोन एकांकिकांच्या मध्ये सत्कार म्हणजे तापलेल्या तव्यावर पाणी.

क्रमाबद्दल माझं मत: विनोदी, रहस्य, मध्यंतर, शेवटी गंभीर. पहिली दहा मिनिटं लोक मोबाइलचे टॉर्च लावून खुर्च्या शोधत असतात. रहस्यातली माहिती त्या गोंधळात हरवते, विनोद मात्र तो गोंधळ सोसतो.

विंगेतून:
तिसरी_घंटा, वेळेचं सगळं पटलं, क्रम नाही पटला. सर्वांत लांब आणि सर्वांत शांत एकांकिका दमलेल्या प्रेक्षकापुढे ठेवायची? पोरं झोपेला आलेली असतात, आईबाप दाराकडे बघत असतात. ताटासारखी जागा अशा वेळी कशी टिकेल? रहस्य, गंभीर, मध्यंतर, विनोदी असं करावं आणि उशिरा येणाऱ्यांना पहिल्या प्रवेशाच्या अखेरीपर्यंत दाराशी थांबवावं. गंभीर एकांकिकेनंतर लोकांना बोलायला मध्यंतर मिळतं. तेव्हा चहाच्या टेबलाशी जे कानावर पडतं, ते रात्री ग्रीनरूममध्ये येऊन कुणी सांगत नाही.

हौशी_पडदा:
बाप आणि विनोदीतला शिपाई, दोन्ही एकाच नटाकडे आहेत. सत्कारही मध्यंतरानंतर होता. दोन्ही क्रमांत त्या नटाच्या दोन कामांमध्ये मध्यंतर येतं, तेव्हा आमच्या तालमीत बघून त्यातला एक ठरवतो.
पुढच्या वेळी प्रतिक्रिया नीट टिपायच्या कशा? वही तर निरुपयोगी ठरली.

समासातली_नोंद:
वहीत नाव लिहावं लागतं, शिवाय आधीच्याने काय लिहिलंय ते दिसतं. तिथे ‘अप्रतिम’शिवाय काय येणार?

संस्थेतले पण त्या रात्री काम नसलेले तीन जण निवडा. एक तिसऱ्या रांगेत, एक मधोमध, एक शेवटच्या रांगेत. प्रत्येकाकडे संहितेची प्रत आणि पेन्सिल. समासात एकेका अक्षराची खूण करायची: ह म्हणजे हशा, ख खोकला, च चुळबूळ, म मोबाइलचा उजेड, श पूर्ण शांतता. वाक्य लिहीत बसायचं नाही, नाहीतर पुढचं सुटतं. काळोखात कागद दिसत नाही म्हणून संहिता मोठ्या टायपात छापा आणि माणसं अशी घ्या की ज्यांना ती जवळजवळ पाठ आहे. खोकल्याच्या खुणांकडे नीट लक्ष द्या. खोकला साथीसारखा पसरतो आणि तो लक्ष सुटलेल्या जागीच पसरतो. तिन्ही प्रतींत एकाच पानावर ख आणि च आले, तर ते पान लांबलंय. फक्त शेवटच्या रांगेच्या प्रतीत आले, तर ते पान ऐकूच गेलेलं नाही.

सोबत एक फोन रंगमंचाच्या कडेला, तोंड प्रेक्षकांकडे करून, रेकॉर्डिंग लावून ठेवा; एअरप्लेन मोडवर. दुसऱ्या दिवशी संहिता पुढ्यात घेऊन ऐका. नटांच्या आठवणीतला हशा आणि खरा हशा यांत बरंच अंतर निघतं.

प्रेक्षकांसाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड, नाव नको, प्रश्न चारच: कुठे कंटाळा आला? कुठलं बोलणं ऐकू आलं नाही? शेवटी काय घडलं, दोन ओळींत? कुठलं पात्र लक्षात राहिलं? ‘कसं वाटलं’ हा प्रश्न नको. सगळ्यात उपयोगाचा तिसरा प्रश्न. रहस्याचा शेवट निम्म्या लोकांनी निरनिराळा लिहिला तर टाळ्या अर्धवट पडण्यात लाइटखेरीज संहितेचाही वाटा आहे. पहिल्या दोन एकांकिकांची कार्डं मध्यंतर सुरू होतानाच पेन्सिलीसकट वाटा आणि वड्याच्या रांगेतच गोळा करा. शेवटी वाटलीत तर लोक चपलांच्या आणि गाडीच्या घाईत असतात.

तोंडी अभिप्रायात ‘मेहनत दिसते’ आणि ‘सेट छान होता’ ही वाक्यं वारंवार आली तर समजा की गोष्ट पोचलेली नाही. गोष्ट पोचलेला माणूस पात्राबद्दल बोलतो: ‘त्या बापाने निदान रडायला तरी हवं होतं.’ तक्रार असली तरी ती उत्तम दाद आहे.

स्पर्धेचा_प्रेक्षक:
स्पर्धेतल्या टाळ्यांशी तुलना नको. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात त्या वेळी बसलेला प्रेक्षक बहुतांशी कॉलेजांच्या संघांतला असतो. ‘आवाज कुणाचा’ची आरोळी पडदा उघडण्याआधीच घुमते. तो लेव्हलवरून मारलेल्या उडीला, एका क्षणात बदललेल्या प्रकाशाला, सगळ्यांनी एकदम वळवलेल्या मानेला टाळी देतो, कारण ते करायला काय लागतं हे त्याला माहीत असतं. तुमच्या गावातला प्रेक्षक त्या जागी गप्प बसेल आणि त्याची शांतता नापसंतीची नसेल. तो गोष्ट ऐकत असेल. म्हणून स्पर्धेसाठी टाळीकरता बसवलेल्या जागांवर नट थांबत असतील तर ते थांबे काढून टाका. टाळीची वाट बघणारा नट उघडा पडतो आणि गंभीर एकांकिकेत तिथेच हसू शिरतं.

शेवटची_रांग:
ऐकू न जाण्याबद्दल एक भर. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि हौशी नटाचा श्वास नेमका शेवटीच संपतो. ‘मी त्याला मारलं नाही’ यातलं ‘नाही’ पडलं की शेवटच्या रांगेसाठी तो कबुलीजबाब होतो. रहस्यात यावर सगळं उलटतं. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत रंगमंचाकडे पाठ करून बसवा आणि वाक्याचा शेवट ऐकू आला नाही की हात वर करायला सांगा. ओरडून बोलणं हा उपाय नाही. श्वास वाक्याच्या मध्ये, ‘त्याला’नंतर घ्यायचा, म्हणजे शेवटापर्यंत पुरतो. पंखे चालू ठेवून तालीम करा. एसी नसलेल्या नाट्यगृहात छताच्या पंख्यांची घरघर बरंच काही गिळते.

हौशी_पडदा:
खूप उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. एकच राहिलं. विनोदी एकांकिकेत पहिल्या दहा मिनिटांत दणदणीत हशे होते, पुढे कमी होत गेले. वाक्यं तर उत्तरार्धातलीच जास्त चांगली आहेत.

विंगेतून:
नट हशावर बोलत असणार. हशा चढतो, माथ्यावर येतो, उतरतो. पुढचं वाक्य तो उतरणीला लागल्यावर, पण पूर्ण विरायच्या आधी टाकायचं. चढत्या हशावर बोललात तर वाक्य बुडतं, आणि पुढचं चुकू नये म्हणून प्रेक्षक हसणं आवरायला शिकतो. दहा मिनिटांत सगळं नाट्यगृह शिकतं. अगदी विरेपर्यंत थांबलात तर लय पडते. थांबताना नटाने गोठून उभं राहू नये. चालू असलेलं काम पुढे न्यावं, फाइल बांधावी, कपातला चहा संपवावा.

तालमीत हशा नसतो, त्यामुळे हे आधी बसवता येत नाही असं वाटेल. रंगीत तालमीला एकांकिका न बघितलेले वीस-पंचवीस लोक बोलवा आणि त्यांना विखरून न बसवता पुढच्या दोन रांगांत दाटीने बसवा. रिकाम्या खुर्च्या मध्ये आल्या की माणूस मोकळं हसत नाही. हेच प्रयोगालाही करा: साडेतीनशेच्या नाट्यगृहात दोनशे आले तर बाल्कनी उघडूच नका, मागच्या रांगांना दोरी लावा आणि सगळ्यांना पुढे घ्या.