वय चोरणाऱ्या पोरावर बंदी घालायची की त्याच्या वस्तादावर?

लालमाती: माझा मुलगा तेरा वर्षांचा. मागच्या महिन्यात कुस्तीच्या स्पर्धेत १५ वर्षांखालच्या गटात त्याच्यासमोर मिसरूड फुटलेला गडी उभा केला. काट्यावर वजन सारखं, पण मनगटं दुप्पट. पहिल्याच पकडीत माझ्या पोराचा खांदा निखळला. नंतर कळलं, समोरच्याचा जन्मदाखला जन्मानंतर दहा वर्षांनी काढलेला. अशा पोरावर दोन वर्षं बंदी घाला, त्याशिवाय जरब बसणार नाही.

वारणाकाठ: पोराचा खांदा लवकर बरा होवो. पण दाखला त्या पोरानं काढला का? वीस वर्षं तालमीत पोरं घडवतोय. दाखला आणतो बाप आणि ‘चालतंय की’ म्हणतो वस्ताद. दोन वर्षांत पोरगा कुस्ती सोडून देईल, वस्ताद मात्र पुढच्या वर्षी दुसरा पोरगा घेऊन काट्यापाशी हजर. ऑगस्ट २०२५मध्ये कुस्ती महासंघानं खोट्या दाखल्यांवरून ११ पैलवान निलंबित केले. बातम्यांत मी पैलवानांबद्दलच वाचलं. त्यांना घडवणारे कुठं होते?

माणदेशी बाई: मी शिक्षिका. आमच्या जुन्या रजिस्टरात पानंच्या पानं १ जून जन्मतारीख आहे. कागदावरून कुणाला चोर ठरवताना हात आखडता घ्या. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरूनही वयाचा अंदाजच निघतो. एखादं पोर लवकर वाढतं, त्याच्यावर खोटेपणाचा शिक्का बसला तर पुसणार कोण?

लालमाती: बाई, १ जून आजोबांच्या पिढीचा. आताची बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, नोंद तिथंच होते. उशिराचा दाखला आला की दवाखान्याचे आणि पहिलीच्या प्रवेशाचे कागद मागवा. एवढं तरी होऊ शकतं ना?

हलगी: जत्रेच्या मैदानात कुणी दाखला मागत नाही. दोन पोरं शेजारी उभी करतात, जोड बसत नसेल तर गावच ओरडतं. गटाच्या कुस्तीतही पंचांना हा अधिकार द्या.

वारणाकाठ: मैदानात इनाम मिळतं, प्रमाणपत्र नाही. गटातल्या प्रमाणपत्रावर पुढं दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण मिळू शकतं. वय चोरतात ते त्यासाठी. पंचाच्या नजरेवर सोडलं तर उद्या पंचालाच गाठतील.

लालमाती: बरं, वस्तादाला आधी धरा, मान्य. पोरगा खऱ्या वयाच्या गटात खेळू दे. पण पदक परत घ्या आणि ज्याचं होतं त्याला सगळ्यांसमोर द्या. हरलेल्या पोराचा विचार इथं कुणीच करत नाही.

वारणाकाठ: द्या, वाजतगाजत द्या. फक्त काढून घेताना त्या दुसऱ्या पोराला फडात उभं करू नका. तेही पंधरा-सोळाचंच असतं.