पाऊस सरासरीइतका, तरी ओलित पुरत नाही. यात उष्णतेचा वाटा कसा काढायचा?

वरुड तालुक्यातून लिहितोय. संत्रा, पऱ्हाटी, तूर. मंडळाच्या नोंदीत पाऊस सरासरीच्या आसपास असतो, पण आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा संत्र्याचा फुलोरा) धरला की फेब्रुवारी-मार्चमध्येच विहीर खाली जाते. ग्रामसभेत दोन तट पडतात. एक म्हणतो बोअर फार झाले, दुसरा म्हणतो ऊन वाढलं. उपसा जास्त आहेच. पण उन्हाचा वाटा शून्य धरून पाण्याचा ताळेबंद मांडणं मला पटत नाही.

वाचलं ते असं: हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्रावरून ते मिळालं तर पाऊस जोरात कोसळतो, नाही मिळालं तर हवा ते माती, पानं, तळी यांतून ओढते. आपल्या काळ्या जमिनीला दोन्ही बाजूंनी फटका. भिजून फुगल्यावर ती जोराचा पाऊस मुरू देत नाही, पाणी नाल्याने जातं. खंड पडला की भेगा पडतात आणि खालची ओलही उडते. त्याखाली बेसॉल्ट, साठायला जागा मुळातच थोडी.

माझ्याकडे रोजचं कमाल-किमान तापमान आणि पाऊस एवढंच आहे. एवढ्यावर बाष्पीभवनाचा हिशेब बसतो का? शेततळ्यातून किती उडतं तेही मोजायचंय. आकडा असा हवा की कुणी विचारलं तर वावरात नेऊन दाखवता येईल.

प्रतिसाद

दादा, हार्ग्रीव्ह्ज सूत्र वापरा. तापमानाशिवाय फक्त अक्षांश आणि तारीख लागते. पेनमन-मॉन्टीथ जास्त भरवशाचं, पण त्याला वारा आणि आर्द्रताही हवी. निव्वळ तापमानावरचं सूत्र कधी कधी वाढ फुगवून दाखवतं, हे लक्षात असू द्या. शिवाय येतो तो आकडा हवेच्या मागणीचा, म्हणजे हवा किती पाणी ओढू शकते त्याचा. मातीत ओलच नसेल तर मागणी कितीही असो, उडणार काय? हे ग्रामसभेत सगळ्यात आधी सांगा.

मग एसपीआय आणि एसपीईआय हे दुष्काळाचे निर्देशांक शेजारी लावा. पहिला फक्त पाऊस बघतो, दुसरा पावसातून ही मागणी वजा करतो. पहिला जागेवर आणि दुसरा वर्षागणिक घसरतोय, तर तिथे उष्णतेचा हात आहे. उपसा या दोन्हींत येत नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

एकरावर १ मिमी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. समजा मागणी रोज अर्ध्या मिमीने वाढली, तर १०० दिवसांत एकरी २ लाख लिटर जास्त लागतील.

तळ्यात पट्टी रोवा. पंप बंद असताना रोज सकाळी एकाच वेळी पातळी लिहा.

प्रश्नकर्ता

भाऊ, तळ्याला पन्नी नाही. मुरतं तेही त्यातच येईल ना?

प्रतिसाद

येईल. म्हणून एक मोठा टब पाण्याने भरून, काठ वर राहील असा तळ्यातच बसवा आणि त्यातही पट्टी लावा. टबातलं पाणी फक्त उडतं, तळ्यातलं उडतं आणि मुरतंही. दोन घटींतला फरक म्हणजे मुरलेलं पाणी. पाखरं टबात पाणी पितात, वरून मोठ्या भोकांची जाळी टाका.