शॉकमधला पेशंट: सॅम्पल नेमकं कुठून घ्यावं?

रात्रपाळी
शीर सापडत नाही, बीपी लागत नाही. नुकत्याच टाकलेल्या इंट्राकॅथमधून (सलाईनच्या सुईतून) रक्त घ्यावं, मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून की इंट्राऑसियस (हाडात घातलेल्या) सुईतून? कुठल्या रिपोर्टवर विसंबायचं?

लॅबवाला
इंट्राकॅथ टाकल्या टाकल्या, सलाईन जोडायच्या आधी घेतलेलं रक्त बहुतेक तपासण्यांना चालतं. धोका हिमोलिसिसचा, म्हणजे लाल पेशी फुटण्याचा. 22-24 गेजची सुई, हाताच्या पाठीवरची बारीक शीर आणि वर सिरिंज जोरात ओढली की पेशी फुटतात. पोटॅशियम आणि पेशींतली एन्झाइम्स एलडीएच, एएसटी खोटे वाढतात.

सलाईन चालू असलेला हात टाळाच. दुसरा हात नसेलच तर सलाईन निदान 2 मिनिटं बंद ठेवा, सुईच्या खाली बोटांकडच्या बाजूला टूर्निकेट बांधा आणि त्याच्याही खालची शीर घ्या. चालू लाईनमधूनच घ्यायची वेळ आली तर पहिले 5 मिली फेका. नाहीतर डेक्स्ट्रोजने शुगर चढते, एनएसने (साध्या मिठाच्या सलाईनने) क्लोराइड, आणि हिमोग्लोबिन पातळ होऊन उतरतं. मग रक्ताची बाटली मागवायची धावपळ!

रात्रपाळी
आणि हाडातलं?

कॅज्युअल्टी एमओ
औषध-सलाईन सोडण्याआधीच घ्या, पहिले 2 मिली टाकून. हिमोग्लोबिन, शुगर, युरिया, क्रिएटिनिन बऱ्यापैकी जुळतात. पांढऱ्या पेशी जास्त येतात, प्लेटलेट कमी. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमवर निर्णय नको. फॉर्मवर 'मॅरो सॅम्पल' असं ठळक लिहा; मज्जेचे कण मशीनची नळी तुंबवतात.

मांडीचं म्हणाल तर, सीपीआर चालू असताना रक्त धमनीचं की शिरेचं हे रंगावरून ओळखू नका. एरवी रक्ताभिसरण ठीक असताना शिरेतल्या रक्ताचा पीएच (आम्लता) धमनीपेक्षा साधारण 0.03 नेच कमी असतो, बायकार्बही (बायकार्बोनेट) जवळपास तेच; पण सीपीआर किंवा शॉकमध्ये पीएचचा हा फरक बराच वाढतो. शॉकमध्ये शिरेतल्या पीसीओटूचाही (कार्बन डायऑक्साइडचा दाब) भरवसा नाही, पीओटूचा (ऑक्सिजनचा दाब) तर मुळीच नाही. हातपाय गार असतील तर बोटाची शुगरही फसवते, शिरेतल्या रक्ताची करा.

लॅबवाला
ट्यूबचा क्रम (झाकणाच्या रंगाने) विसरू नका: कल्चर, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, करडी. बटरफ्लायने (लांब नळी जोडलेल्या सुईने) निळी पहिली भरणार असाल तर आधी एक फेकायची ट्यूब लावा. नळीतली हवा जागा अडवते, रक्त कमी पडतं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो. जांभळीतलं रक्त लालमध्ये ओतणं तर महापाप: जांभळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम तळाला. ही जोडी दिसली की नवं सॅम्पल मागवा.

कॅज्युअल्टी एमओ
मागवा, पण आधी ईसीजी. टी वेव्ह टोकदार किंवा क्यूआरएस रुंद असेल तर दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबू नका, कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू करा.