मदत हवी आहे : ५५ हजारांत पहिला गेमिंग पीसी, घराला लागून पिठाची गिरणी

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं इथले पीसीचे धागे वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. कराडजवळच्या एका गावात राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिला गेमिंग पीसी स्वतःच्या हाताने जोडायचा आहे. बजेट ५५ हजार, फक्त डब्याचं. मॉनिटर मावसभावाने दिलाय (२२ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झ), कीबोर्ड-माउस घरात आहेत. ५५ मधले ३१ हजार माझे, कॉलेज सुटल्यावर लोकांचे दळणाचे डबे घरपोच करून साठवलेले. बाकीचे आईने भिशीतून काढून दिले. त्यामुळे एकही रुपया चुकीच्या ठिकाणी जाऊ नये असं फार वाटतं.

खेळायचं आहे ते असं : जीटीए ५, काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलोरंट, आणि मनापासून म्हणाल तर फोर्झा होरायझन ५. शिवाय कॉलेजचं ऑटोकॅड.

आधी एका दुकानात विचारून आलो. त्यांनी ४८,५०० चं कोटेशन दिलं : रायझन ५ ५६००जी, ८ जीबीची एकच रॅम, २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्डडिस्क, जीटी ७३० ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि त्याच्यासोबत ‘फ्री’ ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की ५६००जी मध्ये जे ग्राफिक्स आतच असतं तेच जीटी ७३० पेक्षा जोरात चालतं. म्हणजे ते कार्ड लावून मशीन वेगवान होण्याऐवजी उलटंच झालं असतं. फार वाईट वाटलं. दुकानदाराला मी सांगितलं होतं की पैसे आईचे आहेत.

मग माझी यादी केली : रायझन ५ ५६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम (डीडीआर४, ३२००), ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आरएक्स ६६०० कार्ड, ५५० वॉटचा ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस, साधं कॅबिनेट. पण २०२५ सरता सरता रॅमचे भाव जे चढले त्यात माझी बेरीज ५७ हजारांवर गेली. दोन हजार कुठून तरी कमी करायचे आहेत, आणि माझी नजर एसएमपीएसवर आहे. १८०० रुपयांतही मिळतोय.

आता खरी अडचण. आमची पिठाची गिरणी घराला लागूनच आहे, मधे एकच भिंत. १० एचपीची मोटर सुरू झाली की घरातला बल्ब क्षणभर पिवळा पडतो. आप्पांनी मीटर लावून दाखवलं : २२५ व्होल्ट असतात, मोटर उचलताना १७० पर्यंत येतात, मग परत वर. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे होतं.

आणि पीठ. ताईचा जुना लॅपटॉप मागच्या पावसाळ्यात गरम होऊन बंद पडायला लागला म्हणून मी उघडला. पंख्याच्या मागच्या जाळीवर पीठ बसून, ओल लागून, वाळलेल्या कणकेसारखा थर झाला होता. नखाने खरवडला तर अख्खी पापडी निघाली. तेच नव्या पीसीचं व्हायला नको.

माझे प्रश्न :
एसएमपीएसमध्ये दोन हजार वाचवू का? ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का? पुण्यात एकजण आरएक्स ५८० ८ जीबी जुनं कार्ड ६,५०० ला देतोय, ते घेऊन आरएक्स ६६०० नंतर घेणं बरं का? आणि पिठाचं काय करू?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद :

आधी हे सांगतो की तुमची यादी चांगली आहे. ते कोटेशन सोडलंत हे उत्तम केलंत.

एसएमपीएसला हात लावू नका. तुमच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा पार्ट तोच आहे, प्रोसेसर नाही. मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून लाइन खाली बसते. चांगल्या एसएमपीएसवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला १७० म्हणजे काहीच नाही, तो आपोआप सांभाळून घेतो. स्वस्तातल्या बऱ्याच एसएमपीएसना मागे ११५/२३० चं लाल बटण असतं. ते २३० वर ठेवलं की १७० ला त्यांची दमछाक होते, पीसी रिस्टार्ट होतो, आणि विंडोज अपडेट चालू असताना तसं झालं तर डेटा जाऊ शकतो. घेताना लेबलचा फोटो मागा. ‘१००-२४०’ आणि ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ (लाइनमधून करंट नीट ओढणारं सर्किट) हे दोन शब्द दिसले नाहीत तर घेऊ नका.

दोन हजार प्रोसेसरमधून काढा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर रायझन ५ ५५०० पुरून उरतो. सहा कोर तेच, फक्त कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी. मॉनिटर बदलाल तेव्हा त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५७००एक्स३डी बसेल. ५५०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, तेव्हा मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावायची. पहिल्यांदा जोडणारे इथेच अडकतात आणि ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून घाबरतात. बी४५० बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असं लिहिलंय का पाहा, नाहीतर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मगच द्या म्हणावं.

प्रतिसाद :

आरएक्स ५८० घेऊ नका. २०१७ चं कार्ड आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून आभासी चलन कमावणं) बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात ढिगाने आली. त्यातली बरीच ‘२०४८एसपी’ असतात. नाव ५८० च, पण आतले कोर २३०४ ऐवजी २०४८. शिवाय ते १८५ वॉट खातं, आरएक्स ६६०० चं काम १३२ वॉटमध्ये होतं. वॉरंटी शून्य. भिशीचे पैसे आहेत, नवीन घ्या, पक्कं जीएसटी बिल घ्या, आणि अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या.

यूपीएसचं गणित असं : ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना तुमचा पीसी २५० च्या आसपास जाईल, वर मॉनिटर २५. चालेल, पण बॅटरी वर्षभराने कमजोर झाली की जोराच्या क्षणी दगा देते. जमलं तर १००० व्हीए घ्या, पण आत्ता नाही, पुढच्या सहा महिन्यांत. यूपीएसमुळे एसएमपीएसवर काटकसर करता येईल असं मात्र समजू नका.

पिठासाठी : खोली बदलता येईल का? वरची खोली असेल तर पीसी तिथे न्या. नसेलच तर कॅबिनेट असं निवडा की पुढून दोन पंखे हवा आत घेतील आणि त्यांच्यापुढे काढता येणारी बारीक जाळी असेल, मागे एकच पंखा बाहेर टाकेल. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ शिरत नाही, ती जाळीवरच अडते. जाळी दर रविवारी धुऊन वाळवायची. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरू देऊ नका. आणि पीसी जमिनीवर ठेवू नका.

धागाकर्ता :

मनापासून आभार. वरची खोली आहे, तिथे धान्याची पोती असतात. आप्पा म्हणाले पोती खाली आणू, खोली तू घे. ५५०० आणि चांगला एसएमपीएस असं धरून बेरीज ५४,२०० आली. एक शंका राहिली : मामाच्या घरी पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तसं आमच्याकडे झालं तर?

प्रतिसाद :

ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे, अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, म्हणून मुंग्या येतात आणि टेस्टरही पेटतो. करंट अगदी थोडा असतो, पण दुर्लक्ष करू नका. वरच्या खोलीच्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये मोठ्या भोकाला वायर जोडलेली आहे का तेच आधी बघा. जुन्या घरांत भोक असतं, मागे वायर नसते. आप्पांच्या मीटरने फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल दोन्ही मोजा, जवळपास सारखे यायला हवेत. स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा.

धागाकर्ता :

मोजलं. फेज ते न्यूट्रल २२६, फेज ते अर्थ ८१, आणि तोही स्थिर नाही. सॉकेट वायरमननेच उघडलं, मागे खरंच हिरवी वायर नव्हती. गिरणीच्या मोटरची वेगळी अर्थिंग आहे ती चांगली निघाली. वायरमन रविवारी तिथून वरच्या खोलीपर्यंत वायर ओढून देणार आहे, ७०० रुपये म्हणाला. बजेटमध्ये ८०० शिल्लक होतेच.

एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मागवलाय. १००-२४० व्होल्ट, ॲक्टिव्ह पीएफसी, दोन्ही लिहिलंय. अर्थिंग झाली की सोमवारी ऑर्डर टाकतो. जोडताना प्रोसेसरची पेस्ट किती लावायची आणि पुढच्या पंख्यांची दिशा कशी ओळखायची, हे विचारायला याच धाग्यावर येईन. फोटो टाकतोच.