अनुभव धागा: स्वतः कोडिंग शिकलेले आणि इंजिनिअर सहकारी

बीकॉमवाला मामा: भाचीचे इंजिनिअरिंगचे कॅप राउंड (प्रवेशफेऱ्या) चालू आहेत. ती म्हणाली, "मामा, तू तर बीकॉम, मग मला कॉलेज कशाला?" मग जुनं सगळं आठवलं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली सेकंडहँड पुस्तकं, नंतर अकाउंटिंग सॉफ्टवेअरची नोकरी. तिथला एक जुना प्रोग्राम लाख-लाख नोंदींच्या दोन याद्या जुळवायचा, लूपमध्ये लूप, प्रत्येक नोंद दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक नोंदीशी. म्हणजे १००० कोटी तुलना! शेजारच्या इंजिनिअर मुलीने कागदावर हॅश टेबल (हवी ती नोंद थेट सापडेल अशी मांडणी) काढून समजावलं आणि रात्रभराचं काम मिनिटांवर आलं. मी तिला ०.१ + ०.२ करून दाखवलं, स्क्रीनवर ०.३०००००००००००००००४. कॉम्प्युटरला असे अपूर्णांक अचूक साठवता येत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे रक्कम पैशांत, पूर्णांकातच. आपापले अनुभव लिहा.

सिंहगडरोडकर: बारावीला ५७ टक्के. कॅम्पसला 'सलग ६० टक्के' मागायचे, काम येतं का हे विचारायलाच कुणी नाही. फार जिव्हारी लागलं होतं. आता मुलाखती मी घेते. आधी लॅपटॉप पुढे सरकवते, मार्कलिस्ट नंतर.

कुकर लावलाय: आम्ही मेकॅनिकलवाले कुठे बसायचं? डिग्री आहे, पण कोडिंग सी-डॅकला (सरकारी संगणक संस्था) कोर्स करून शिकलो. दोन्हीकडचे आपले म्हणत नाहीत 😀

औंधकर: थोडं वेगळं मत. ऑपरेटिंग सिस्टीम कॉलेजात सक्तीने शिकलो. परवा डेटाबेसमधली दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडकून बसली होती. लॉग बघताच डेडलॉक ओळखला. स्वतः शिकणारा नडेल तेवढंच शिकतो.

बीकॉमवाला मामा: @औंधकर, पटलं. म्हणूनच भाचीला पाठवतोय.

नवी आई: अप्पा बळवंतला डेटा स्ट्रक्चरची जुनी पुस्तकं अजून मिळतात का?

कुकर लावलाय: मिळतात, पण गाडी लांब लावा. आणि एनपीटीईएल या ऑनलाइन साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत.

बीएस्सीवाली: ऑनसाइटचं, म्हणजे परदेशात जाऊन काम करण्याचं, कुणी बोललंच नाही. अमेरिकेच्या एच-१बी वर्क व्हिसाला पदवी ४ वर्षांची धरतात. १ वर्ष कमी पडलं तर ३ वर्षांचा अनुभव भरून काढतो. त्यासाठी जुन्या कंपन्यांच्या पायऱ्या झिजवल्या. अनुभवाच्या पत्रात कामाचं स्वरूप नीट लिहून घ्या रे, नुसती तारीख चालत नाही.

सिंहगडरोडकर: @बीएस्सीवाली, पत्राचा नमुना आहे का? मलाही लागणार आहे.

बीएस्सीवाली: आहे. आत्ता हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आहे, घरी पोचले की व्यनि करते.