वाघ्या घेवड्याच्या शेंगांवर काळे खड्डे पडलेत, घरचं बियाणं वाचवायचं आहे – मदत हवी

नमस्कार मंडळी,

फोटो चढवायचा दोनदा प्रयत्न केला, रानात रेंज धरत नाही. म्हणून जसं दिसतंय तसं लिहूनच सांगते.

आमचं रान सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्याच्या उत्तर अंगाला. एक एकर वाघ्या घेवडा आहे. पेरणी १८ जूनची, म्हणजे आज ५४ दिवस झाले. शेंगा भरायला लागल्यात. मधे नऊ दिवस सलग झड लागली होती, ऊन म्हणून दिसलं नाही. उघडीप मिळाल्यावर रानात गेले तर वरच्या बाजूचा दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा बिघडलेला. पान उलटं केलं की मधल्या शिरा काळपट-विटकरी झालेल्या दिसतात, एखाद्याने शाईच्या पेनाने गिरवाव्यात तशा. शेंगांवर तूरडाळीच्या दाण्याएवढे गोल डाग, मधे खोल गेलेले, कडेला लालसर काळी रेघ. सकाळी दहिवर असताना पाहिलं तर खड्ड्याच्या मधोमध फिकट गुलाबी, चिकट असं काहीतरी साचलेलं होतं. दुपारी तेच वाळून तपकिरी झालं.

तालुक्याच्या एका दुकानात पान दाखवलं. त्यांनी पानाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. एक बुरशीनाशक, एक अँटिबायोटिक आणि एक टॉनिक अशा तीन पुड्या दिल्या आणि तिन्ही एकत्र करून मारा म्हणाले. अजून मारलेलं नाही. आधी इथे विचारावं म्हटलं.

मला खरी काळजी बियाण्याची आहे. हे बी सासूबाईंनी धरलेलं. फिकट गुलाबी अंगावर लाल पट्टे, चकचकीत. दरवर्षी मळणी झाली की त्या सुपात घेऊन दाणा दाणा निवडायच्या आणि राखेत कालवून डब्यात भरून ठेवायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, बी अजून त्यांचंच चालू आहे. आमच्या भागातल्या या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण घराघरातलं जुनं बी आता कमी होत चाललंय. पुष्कळ जण वरुण हा सुधारित वाण पेरतात. तो उत्पन्नाला चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण तो वाघ्या नाही.

हा रोग नेमका कोणता? शेंगा भरत असताना औषध मारलं तर चालेल का? आणि या पिकातून पुढच्या वर्षाचं बी धरायचं की नाही? कृपा करून अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद १ (पुरंदरहून)

ताई, तिन्ही पुड्या तशाच बाजूला ठेवा. रोग कळल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही. उद्या सकाळी तीन गोष्टी करून बघा.

पांढरा रुमाल घेऊन पानाच्या खालच्या बाजूने घासा. रुमालाला वीटभुकटीसारखी पूड लागली तर तांबेरा. दुसरं, पान सूर्याकडे धरून बघा. डागाभोवती पिवळं वलय असेल आणि डाग आधी पाण्यात भिजल्यासारखा दिसत असेल तर तो जिवाणूचा करपा. त्याला बुरशीनाशकाचा उपयोग नाही. तिसरं, डाग शिरांच्या मधे अडकून चौकोनी-तिकोनी झालेत का आणि पानामागे करडी-काळी लव आहे का ते बघा. तशी असेल तर कोनीय ठिपके.

आणखी एक आठवून सांगा. पेरल्यावर उगवण झाली तेव्हा दोन जाड दलं वर येतात, त्यांच्यावर काही दिसलं होतं का?

धागाकर्ती

दादा, सकाळीच बघून आले. रुमाल स्वच्छ राहिला. पिवळं वलय नाही, पानामागे लवही नाही. शिराच काळ्या आहेत.

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. हो, दिसलं होतं. उगवणीनंतर आठवड्याभरात बऱ्याच रोपांच्या दलांवर तपकिरी खड्डे होते. मला वाटलं किड्याने खाल्लं. काही रोपं तिथेच मान टाकून गेली, तिथे मी पुन्हा बी लावून नांगे भरून घेतले आणि विसरून गेले.

अजून एक दिसलं ते सांगते. विहिरीकडे जायची पायवाट या तुकड्यातून जाते. रोग पायवाटेच्या दोन्ही अंगांच्या सऱ्यांना सगळ्यात जास्त आहे, आत जावं तसा कमी होत जातो. खुरपणीही आम्ही झडीतच उरकली होती, बायका परत मिळणार नाहीत म्हणून. खुरपणीची सुरुवात याच तुकड्यापासून केली होती.

प्रतिसाद २ (कृषी विस्ताराच्या कामातून निवृत्त)

ताई, तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय की फोटोची गरज उरली नाही. हा अँथ्रॅक्नोज, आपल्याकडे शेंगेवरचा करपा किंवा काळे ठिपके म्हणतात तो. बुरशीचं नाव कोलेटोट्रायकम लिंडेमुथियानम. गुलाबी चिकट दिसलं ते तिचे बीजाणू. तांबेऱ्याची पूड वाऱ्याने गावभर जाते, तसं याचं होत नाही. हे बीजाणू चिकट असल्यामुळे पावसाच्या थेंबाने उडतात, ओल्या पानाला घासलेल्या लुगड्याला, पायाला, खुरप्याला चिकटतात आणि पुढच्या झाडावर जातात. तुमच्या पायवाटेचं कोडं त्यातच आहे. मनाला लावून घेऊ नका, झडीत खुरपणी सगळेच करतात. पण यापुढे दहिवर उतरल्याशिवाय आणि पान सुकल्याशिवाय घेवड्यात पाय घालायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. विहिरीला दुसरी वाट काढा.

थंड-दमट हवा तिला मानवते, १३ ते २६ अंश आणि पान सतत ओलं. लागण झाल्यावर डाग दिसायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे आज जिथे स्वच्छ दिसतंय तिथेही ती आत असू शकते.

आता फवारणी. अँटिबायोटिक परत करा, बुरशीवर त्याचं काही चालत नाही. टॉनिकचीही आत्ता गरज नाही. मँकोझेब ७५ टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३५ ते ४० ग्रॅम. पण हे औषध पानाच्या वरच राहतं, आत गेलेल्या बुरशीला काढत नाही. म्हणून ते आधी निरोगी तुकड्यावर मारा, बाधित तुकडा शेवटी. बाधित भागात कार्बेन्डाझिम ५० टक्के, लिटरला १ ग्रॅम, ते पानात मुरतं. तेच ते औषध पुन्हापुन्हा मारू नका, बुरशी त्याला सरावते. नोझल खालून वर धरा, रोग पानाच्या पोटाला आहे. दहा-बारा दिवसांनी हवा बघून दुसरी फवारणी. पाकिटावर पीक आणि काढणीआधीचा थांबायचा काळ छापलेला असतो, तो वाचूनच पुढे जा.

ज्या शेंगांवर खड्डे पडलेत त्या काही बऱ्या होणार नाहीत. आपण वाचवतोय ते उरलेलं पीक.

प्रतिसाद ३ (जुन्नरहून)

आमच्याकडे कोवळ्या शेंगेची फरसबी असते, दर तीन-चार दिवसांनी तोडा. त्यात हा रोग आला की मोठी अडचण, कारण औषधाचे थांबायचे दिवस आणि तोड्याचे दिवस जुळत नाहीत. ताईंचा घेवडा वाळल्यावर काढायचा असल्यामुळे त्यांना सवड आहे. फक्त फवारलेल्या रानातल्या हिरव्या शेंगा भाजीला घरी नेऊ नका. पोरंसोरं तोडून नेतात, त्यांनाही सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. पण बियाण्याचं कुणी बोललं नाही. दलांवर खड्डे होते म्हणजे रोग डब्यातल्या बियाण्यातूनच आला ना? मग राखेचा उपयोग काय?

प्रतिसाद २

राख भुंग्यासाठी. दाण्यात भुंगा होत नाही तो राखेमुळेच, सासूबाईंचं काही चुकलं नाही. पण ही बुरशी दाण्याच्या सालीखाली जाऊन बसते आणि तिथे काही वर्षं जिवंत राहते. डाग पडलेला दाणा निवडून काढता येतो, पण बरेचसे बाधित दाणे बाहेरून स्वच्छ दिसतात. म्हणून नुसत्या निवडणीवर विसंबू नका. बाधित तुकड्यातलं बी अजिबात धरू नका, ते खायला वापरा. तिथला पाला-काड जनावराच्या गोठ्यात किंवा उकिरड्यात नको, नाहीतर शेणखतातून परत रानात येईल. खड्ड्यात खोल गाडा. त्या तुकड्यात दोन-तीन वर्षं घेवडा नको. रब्बीची ज्वारी तर तुम्ही घेताच, पुढच्या खरिपात तिथे बाजरी करा.

प्रतिसाद ४ (मिशिगन, अमेरिका)

मी मूळचा फलटणचा. इथे मिशिगनमध्ये वाळलेल्या घेवड्याचं फार मोठं पीक आहे, आणि उन्हाळ्यात पाऊस असल्यामुळे हाच रोग इथेही छळतो. इथले शेतकरी पेरायचं बी पुष्कळदा स्वतःच्या रानातलं धरत नाहीत. ते पश्चिमेकडच्या आयडाहोसारख्या कोरड्या राज्यांतून येतं. तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, पाणी सरीतून देतात, पान कोरडं राहतं, त्यामुळे बी स्वच्छ तयार होतं.

मला वाटतं ताई, तुम्हाला आयडाहो शोधायला लांब जायला नको. आपला रब्बीच कोरडा असतो. बियाण्यापुरते दोन गुंठे ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोकून बघा. पाणी सरीने किंवा ठिबकने द्या, तुषार अजिबात नको. रोज झाड न् झाड बघण्याएवढंच क्षेत्र ठेवा. दलावर डाग दिसला की ते रोप मातीसकट उचलून बाहेर.

प्रतिसाद २

वा! हे फार चांगलं सुचवलंत. त्यात एवढीच भर घालतो. टोकण्याआधी किलोला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम चोळा, ते सालीखाली काही प्रमाणात पोचतं. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी त्याच वेळी चोळू नका, हे औषध तिलाच मारेल. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून रानात द्या, मूळकुजीला बरा. आणि औषध चोळलेलं उरलेलं बी कोंबड्यांना टाकू नका.

धागाकर्ती (सहा आठवड्यांनंतर)

मळणी उरकली, म्हणून कळवायला आले. दोन फवारण्या झाल्या, मधे आठ दिवस चांगली उघडीपही मिळाली. खालचा तुकडा बऱ्यापैकी वाचला. वरच्या तुकड्यातला माल वेगळा मळला आणि वेगळाच ठेवला. त्यात पिवळट-तपकिरी डागाचे दाणे पुष्कळ निघाले.

बियाण्यासाठी खालच्या तुकड्यातली, पायवाटेपासून सगळ्यात लांबची झाडं आधीच खुणेची काठी रोवून ठेवली होती. त्यांच्या शेंगा एकेक हातात घेऊन बघितल्या, ठिपका असलेली शेंग फोडलीच नाही. हातानेच सोलून चार किलो बी निघालं. ते सुपात घेतलं तेव्हा सासूबाईंची फार आठवण आली. त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवून बघितले. ८९ उगवले, आणि त्यात चार दलांवर तपकिरी ठिपके होते. चार म्हणजे काहीच नाही असं घरचे म्हणाले. मला तसं वाटत नाही.

विहिरीजवळ दोन गुंठे मोकळे ठेवलेत, ठिबकची एक नळी तिथवर ओढून घेतली आहे. आता एकच विचारायचं आहे. दोन रोपांत अंतर किती ठेवू? एरवी आम्ही पाभरीने पेरतो, टोकायची सवय नाही.

प्रतिसाद १

ताई, दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत अर्धा फूट ठेवा. हवा खेळली पाहिजे आणि तुम्हाला आत बसून पान उलटं करून बघता आलं पाहिजे. एका जागी एकच दाणा टोका. आणि दलं वर आली की दुसऱ्याच दिवशी इथे लिहा, आम्ही वाट बघतोय.